दसरा, चौदा तारीख आणि ठकूआक्का

ठकूआक्का माझ्याशी पहिलं जे बोलली ते नळावर. लग्न होऊन मी देहूरोडला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी. मोठ्या लढाईच्या वेळी बांधलेल्या बराकी होत्या, त्यांत खोल्या करून लष्करी डेपोतल्या मजुरांना दिल्या होत्या आणि सगळ्या लाइनीला मिळून एक नळ होता. मी घागर लावली. मागून आवाज आला, "ही कुणाची?"

मी म्हटलं, "माझी."

"घागर नव्हं. तू कुणाची?"

मी ह्यांचं नाव सांगायला लाजले. तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं, स्वतःच ओळखलं आणि म्हणाली, "भर. पण उद्यापास्नं माझ्या मागं."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागं उभी राहिले, तर ती मागं वळून म्हणाली, "अशी मागं मागं काय ऱ्हाते? पुढं ये की. नव्या पोरीनं पुढं व्हावं." तेव्हाच मला कळायला हवं होतं की या बाईशी सरळ हिशेबानं वागता येणार नाही.

बुटकी, काळी, कपाळभर कुंकू लावणारी बाई. सातारकडची. कमरेवर डावा हात ठेवल्याशिवाय तिला बोलता येत नसे. एकदा तिच्या त्या हाताला फोड आला होता, तर आठवडाभर तिचं बोलणंच लंगडं झालं. कुणाच्याही घरात शिरायची, चुलीवरच्या आमटीत बोट घालून चाखायची आणि काय कमी आहे ते सांगायची. मीठच कमी असेल असं नाही. "हिच्यात मन न्हाई" असंही सांगायची. आणि कुठल्याही गोष्टीला तिचं पहिलं उत्तर "न्हाई" असायचं. बाजारला येतेस का, न्हाई. पोरीला शाळेत घालायची का, न्हाई. मग घरी जाऊन भाकऱ्या थापता थापता तिचा विचार पालटायचा आणि संध्याकाळी ती आपल्यालाच येऊन विचारायची, "काय गं, पोरीला शाळेत का घातलं न्हाई अजून?"

तिचे मालक महादूदादा डेपोत पेट्या उचलायचे. ते अबोल होते असं सगळे म्हणायचे. माझं मत वेगळं होतं. त्यांना बोलायला जागाच मिळत नसे. आक्का स्वतः पिंपरीला जायची. तिथं औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता, त्याच्या बांधकामावर ती घमेली उचलायची. घरी आली की आम्हाला सांगायची, "उद्या हितं सुईचं औषध निघंल, सगळ्या मुलखात जाईल. पर भिंतीत चुन्याचं कालवण माझ्या हातचं हाय."

हे सगळं खरं, पण लाइनीत तिला जो मान होता तो याच्यामुळं नव्हता. आक्काच्या अंगात मरीआई यायची.

तिच्या सासरच्या घराण्यातच ती होती. सासूच्या अंगात यायची, सासू गेल्यावर आक्काच्या. खोलीच्या कोपऱ्यात वेताची परडी, परडीत देवीचा टाक, भंडारा, कवड्या. मंगळवारी बायका लिंबू घेऊन यायच्या. कुणाचं मूल दूध पीत नाही, कुणाचा नवरा घर सोडून गेला. आक्का केस मोकळे सोडून घुमायची आणि जे सांगायची ते सगळे ऐकायचे. भल्या भल्या मुकादमांना तिनं देवीच्या तोंडानं झापलं होतं. गावी महारवाड्यात जिचं कुणी नाव घेतलं नसतं, अशा अडाणी बाईसमोर माणसं हात जोडून बसायची. हे सोडायचं म्हणजे काय सोडायचं, ते मला पुष्कळ उशिरा समजलं.

चोपन्न सालच्या डिसेंबरात बाबांनी स्वतः येऊन देहूरोडला बुद्धाची मूर्ती बसवली. आमच्यात बाबा म्हटलं की एकच माणूस. पुरं नाव कुणी घेत नसे. घरातल्या माणसाला पुऱ्या नावानं कोण हाक मारतं? त्या दिवशी माणसांचा समुद्र होता. आक्का कोपर मारत मारत पार पुढं गेली, बाबांना डोळे भरून पाहिलं, मूर्ती पाहिली आणि परत आली ती कपाळाला आठ्या घालून.

"मूर्ती चांगली हाय," ती म्हणाली. "पर एकटीच कशी? शेजारी मंडळी न्हाईत."

आमच्या लाइनीत सोनवणे नावाचे क्लार्क होते. मॅट्रिक झालेले, चष्म्यावाले, आणि अशा गोष्टी समजावून सांगायची त्यांना फार हौस. त्यांनी आक्काला सिद्धार्थाची गोष्ट सांगितली. राजवाडा, यशोधरा, नुकतंच झालेलं मूल, आणि एके दिवशी सगळं सोडून जाणं. सोनवण्यांना डोळे पुसावे लागले. आक्काला नाही.

"बाळंतीण टाकून गेला?"

"आक्का, जगाच्या कल्याणासाठी गेले ते."

"जगाचं कल्याण पळून चाललं हुतं का? सव्वा महिना थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

ते प्रकरण तिच्या मनातून काही महिने गेलं नाही. विहारात जायची, हात जोडायची, पण मूर्तीकडं बघून तोंड वाकडं करायची. एक दिवस सोनवण्यांनीच शहाणपणा केला. बुद्ध ज्ञान मिळवून परत आले आणि यशोधरेला भेटायला स्वतः तिच्या दालनात गेले, हा पुढचा भाग त्यांनी सांगितला. आक्का हातातलं भांडं घासायची थांबली. "परत आला व्हय?" ती म्हणाली. "मग आधी का न्हाई सांगितलं? आमच्याकडचे गेले की येत बी न्हाईत." त्या दिवसापासून तिची बुद्धाशी दिलजमाई झाली.

छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा आहे, बाबा धर्म बदलणार आहेत, ही बातमी आली. लाइनीतून बरीच माणसं निघाली. आक्काचं पहिलं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळी तिनं भाकऱ्या बांधायला घेतल्या. पण एक अडचण होती. पांढरं लुगडं नेसून यायचं होतं, आणि नवरा धडधाकट असताना पांढरं नेसायचं कसं, यावर ती अडली. आम्ही बायका तिच्या दाराशी जमलो होतो. महादूदादा विडी ओढत बसले होते.

आक्का त्यांच्यापुढं उभी राहिली. "मी पांढरं नेसते. तवर तुमी गेलात असं समजू का?"

दादांनी विडीचा झुरका घेतला. "समज," ते म्हणाले.

"आणि परत आल्यावर?"

"आल्यावर हायेच."

आम्ही बायका पदर तोंडात घालून हसत होतो. आक्का मात्र हसली नाही. तिनं कपाळावरचं कुंकू पुसलं नाही, पांढरं लुगडं नेसली आणि गाडीत बसली. दादांना सुट्टी नव्हती, ते राहिले. आक्का येईपर्यंतचे सगळे दिवस ते शेजाऱ्यांशी भरपूर बोलले, आणि त्यांचा आवाज इतका चांगला आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं.

परत आल्यावर आक्कानं लाइनीच्या कडुनिंबाखाली सगळा वृत्तांत सांगितला. बाबांनी सगळ्यांना उभं करून बावीस प्रतिज्ञा दिल्या होत्या. "मी सगळ्या म्हटल्या," आक्का म्हणाली. "दोन-तीन ऐकू आल्या न्हाईत. शेजारी एक पोर रडत हुतं. पर म्हटल्या."

"ऐकूच आल्या नाहीत तर म्हटल्या कशा?" सोनवण्यांनी विचारलं.

"बाबा वंगाळ सांगतील व्हय? न ऐकता कबूल केलं."

सोनवण्यांनी मग तिला सगळ्या प्रतिज्ञा सावकाश वाचून दाखवल्या. देव मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही, हे ऐकताना तिनं मान हलवली. नंतर ती उठून घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या काही आठवड्यांत लाइनीतले देव गेले. कुणी खंडोबाचा टाक पवना नदीत सोडला, कुणी फोटो उतरवले. आक्काच्या कोपऱ्यातली परडी मात्र होती तिथंच होती. मंगळवारी ती तिला हळदकुंकू वाहत नव्हती, पण हलवतही नव्हती. बायका कुजबुजायच्या. सोनवणे एकदा बोलायला गेले तर तिनं त्यांना चहा दिला आणि एक अक्षर बोलली नाही. आक्का बोलत नाही म्हटल्यावर तेच घाबरून परत आले.

मग डिसेंबरात ती बातमी आली. बाबा गेले.

त्या दिवसाबद्दल मी फार लिहीत नाही. आमच्या लाइनीत चूल पेटली नाही एवढंच. माणसं मुंबईला निघाली. दादाही त्यांच्याबरोबर गेले. आक्का गेली नाही. ती दारात बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं ती परडी डोक्यावर घेतली. "शांते, चल," ती मला म्हणाली. आम्ही चार-पाच बायका तिच्यामागून नदीवर गेलो.

पवनेला पाणी होतं. आक्का काठावर बसली, परडी समोर ठेवली आणि एखादी भावजय माहेरी निघालेल्या नणंदेशी बोलते तसं देवीशी बोलायला लागली. "बाई, तुझं माझं कधी वाकडं न्हवतं. तू माझ्या सासूचं केलंस, माझं केलंस. पर मी बाबांना शब्द दिलाय. ते असते तर जाऊन म्हटलं असतं, एवढी एक ऱ्हाऊ द्या. आता शब्द माघारी घ्यायला माणूसच न्हाई ऱ्हायला. तवा तुला जावं लागतं."

तिनं परडी पाण्यात सोडली. ती थोडी पुढं गेली, एका भोवऱ्यात सापडली, गरकन फिरली आणि परत काठाला येऊन लागली.

आमच्यातल्या दोघींनी कानांवर हात ठेवले. कौतिका नावाची बाई तर रडायलाच लागली, म्हणे आई जायला तयार नाही. आक्कानं एकदा आमच्याकडं पाहिलं, एकदा परडीकडं. मग लुगडं खोचलं, कमरेइतक्या पाण्यात शिरली, परडी हातात धरून भोवऱ्याच्या पलीकडं नेली आणि जोरात ढकलली.

"जा म्हणते ना," ती म्हणाली. "एकदा निरोप घेतला की माघारी बघू नये."

परडी गेली. आक्का थंडीनं कुडकुडत बाहेर आली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "पाणी फार गार हुतं गं," आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बाबांसाठी होतं का त्या परडीसाठी, मी विचारलं नाही. दोन्हींसाठी असावं.

देवी गेली तरी बायका यायच्या थांबल्या नाहीत. आसपासच्या गावांतून लिंबू घेऊन यायच्याच. आक्का दारात कमरेवर हात ठेवून सांगायची, "आई गेली. आता दवाखाना." पण नुसतं सांगून ती स्वस्थ बसायची नाही. मूल स्वतः काखोटीला मारायची आणि कॅम्पातल्या दवाखान्यात न्यायची. तिथले डॉक्टर तरुण होते, पुण्याचे. त्यांनी मुलाला न तपासता औषध लिहिलं तर आक्का जागची हलायची नाही. "पाठीला नळी लावा की. नळी कशाला हाय? गळ्यात मिरवायला?" पुढं पुढं ती लांबून दिसली की डॉक्टर आधीच नळी कानाला लावून बसायचे. पूर्वी ती देवीच्या नावानं मुकादमांना झापायची, आता स्वतःच्या नावानं डॉक्टरांना झापत होती. एवढाच काय तो फरक पडला असं दादा म्हणाले. ते बोलले ते बरोबर होतं, आणि आक्का तेव्हा घरात नव्हती.

एक दिवस मात्र मी घाबरले. आषाढाचे दिवस होते. रविवारी सकाळी कडुनिंबाखाली वंदना चालली होती. सोनवणे सांगायचे, आम्ही मागून म्हणायचो. पाली शब्द आम्हाला नवे, जिभेवर बसत नव्हते. तेवढ्यात शेजारच्या गावातून हलगी वाजायला लागली. मरीआईचा गाडा निघाला असणार. मी आक्काच्या शेजारी बसले होते. पाहते तर तिचे खांदे हलायला लागलेले. मान डोलतेय, श्वास मोठा झालेला. सगळ्यांच्या ते लक्षात आलं. सोनवणे थांबले. लाइनीत वर्षाच्या आत मरीआई परत आली असती तर आजूबाजूच्या गावांनी आम्हाला हसून हसून बेजार केलं असतं.

आक्कानं दोन्ही मुठी मांड्यांवर दाबल्या. तिचा आवाज एकदम चढला. "बुद्धं सरणं गच्छामि." हलगीच्या ठेक्यावरच म्हणाली. "धम्मं सरणं गच्छामि." पुन्हा त्याच ठेक्यावर. मग आम्हीही म्हणायला लागलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. ती वंदना अशी काही झाली की तशी पुन्हा कधी ऐकली नाही. हळूहळू तिचे खांदे थांबले. कपाळावर घाम होता.

नंतर मी तिला पाणी दिलं. "आक्का, काय झालं होतं?"

"येतच हुती," ती पाणी पिऊन म्हणाली. "म्हटलं आलीस तर बस खाली, आणि तू बी म्हण."

"मग?"

"म्हटलं तिनं. दोन वळी. मग गेली."

सोनवण्यांना हे सांगायचं की नाही, यावर आम्ही थोडा वेळ विचार केला आणि सांगितलं नाही.

दीक्षेला वर्ष होत आलं आणि लाइनीत खरं भांडण पेटलं. वर्षदिन कधी पाळायचा? दीक्षा दसऱ्याला झाली होती आणि त्या दिवशी तारीख होती चौदा ऑक्टोबर. सत्तावनला दसरा आला महिन्याच्या सुरुवातीलाच. आता दसरा धरायचा की चौदा तारीख?

दसऱ्याच्या बाजूनं तात्या होते. डेपोतून निवृत्त झालेले, लांब मिशा, लाइनीतले सगळ्यांत वडील. त्यांचं म्हणणं, बाबांनी मुद्दाम दसरा निवडला, सम्राट अशोकानं धम्म स्वीकारला तो दिवस, आणि शिवाय दसऱ्याला सगळ्यांना सुट्टी असते. सोनवणे तारखेच्या बाजूचे. पंचांग सोडलं, भट सोडला, आणि आता वर्षदिन काढायला परत तिथी बघायची का, असा त्यांचा प्रश्न. चौदा तारखेला सोमवार होता, सुट्टी नव्हती. "नसू दे," सोनवणे म्हणाले. सुट्टी बघून धर्म पाळायचा नसतो, असंही म्हणाले.

कडुनिंबाखाली दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत आवाज चढले, दुसऱ्या बैठकीत तात्या आणि सोनवणे एकमेकांशी बोलायचे बंद झाले. लाइन दोन भागांत फुटली. दसरावाल्यांच्या बायका तारीखवाल्यांच्या घरी जाईनात. माझे हे तारीखवाले, माझा दीर दसरावाला, आणि दोघं एकाच ताटात जेवणारे. ताटात मध्ये भाकरीचा बांध घालून जेवायला लागले. ज्या माणसांनी एक होण्यासाठी सगळं सोडलं, ती पहिल्याच वर्षी दोन झाली, या विचारानं तात्या एकटे असताना रडल्याचं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं. पण सभेत ते इंचभर हलत नव्हते.

दोन्ही बाजूंनी स्वयंपाकाला आक्कालाच सांगितलं. तिनं दोन्ही बाजूंना "न्हाई" म्हटलं.

तिसऱ्या बैठकीत ती उठली. बायका बैठकीत बोलत नसत, पण आक्काला ते कुणी सांगितलं नव्हतं. "माझं ऐका," ती म्हणाली. "दसऱ्याला सुरू करा, चौदाला संपवा. मधल्या दिवसांत रोज एकेका घरी वंदना."

तात्यांचे डोळे चमकले. सोनवणे उभेच राहिले. "अहो आक्का, हे तर नवरात्रच झालं की. नऊ दिवसांहून जास्तच."

"नवरात्रात बाईमाणूस उपाशी ऱ्हातं," आक्का म्हणाली. "ह्यात जेवायचं."

लोक हसले. हसले म्हणून मिटलं असं नाही. सोनवणे म्हणाले, दसऱ्याचं सोपं आहे, सुट्टी आहे. चौदाला पुरुष सगळे कामावर. मग तो दिवस पाळणार कोण?

"आमी मेलो का?" आक्कानं विचारलं.

तसंच ठरलं.

दसरा झाला. तात्यांनी अशोकावर भाषण केलं, लाडू वाटले. मधले दिवस वंदना घरोघर फिरली. ज्या घरी दसरावाले जात नव्हते तिथं आता जावं लागलं, कारण पाळी तिथली होती आणि आक्का दारोदार जाऊन ओढून नेत होती. आमच्या घरी पाळी आली त्या संध्याकाळी ताटातला भाकरीचा बांध माझ्या दिरानं खाऊन टाकला.

चौदा तारखेला सकाळी पुरुष डबे घेऊन डेपोत गेले. आम्ही बायकांनी पांढरी लुगडी नेसली आणि विहाराकडं निघालो. पुढं निळं निशाण. ते धरायला उंच माणूस हवा होता आणि लाइनीत त्या वेळी पुरुष एकच होता, तात्या. आक्का त्यांच्या दाराशी गेली. तात्या म्हणाले, "मी दसऱ्याचा माणूस. चौदाला मी चालणार नाही."

"चालू नका," आक्का म्हणाली. "निशाण चालतंय. तुमी नुसतं धरा."

तात्यांनी थोडा वेळ मिशा ओढल्या आणि पायात वहाणा घातल्या.

विहाराची वाट डेपोच्या फाटकावरून जायची. आम्ही तिथं पोचलो आणि जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. फाटकावर एक उंच शीख जवान होता. त्यानं हात आडवा केला, "माताजी, जुलूस का परमिशन है?"

आक्काचं हिंदी तिचं स्वतःचं होतं. "जुलूस नही. बाया हाय. विहार में जाता हाय. रस्ता सरकार का, सरकार हमारा. तुम बी हमारा हाय."

जवानाला किती कळलं ते त्यालाच ठाऊक. त्यानं हात खाली घेतला, पण आम्ही पुढं गेलोच नाही. कारण तारेच्या कुंपणापलीकडं आमचे पुरुष येऊन उभे राहिले होते. कुणाच्या हातात भाकरी, कुणाच्या हातात कांदा. माझे हे दिसले, दीर दिसला, दादा दिसले. सगळ्यांत मागं चष्मा पुसत सोनवणे. आपल्याच बायका सगळ्या एकदम पांढऱ्या लुगड्यांत अशा रस्त्यावर त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

आक्का कुंपणाजवळ गेली. "सोनवणे, सांगा की वंदना. आमी मागनं म्हणतो."

सोनवण्यांनी चष्मा लावला, तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. ज्या माणसाला वंदना झोपेतही पाठ होती त्याला पहिला शब्द सुचेना. आम्ही वाट बघत राहिलो. तेव्हा निशाण धरून उभ्या असलेल्या तात्यांनी सुरुवात केली. जाड, चिरका आवाज, आणि उच्चार सगळे चुकीचे. सोनवणे एरवी एकेक उच्चार दुरुस्त करायचे. त्या दिवशी ते हात जोडून तात्यांच्या मागून तसेच चुकीचे म्हणत गेले. कुंपणाच्या अलीकडून बायका, पलीकडून पुरुष. जवानही टाचा जुळवून उभा राहिला. पुन्हा भोंगा झाला आणि पुरुष कामावर गेले. जाताना सोनवण्यांनी तारेतून हात बाहेर काढून तात्यांच्या पायाला लावायचा प्रयत्न केला, हात काही पोचला नाही, तेव्हा तात्याच एक पाऊल पुढं सरकले.

पुढं आमच्या लाइनीत दोन्ही दिवस पाळायचा रिवाज पडला. नवी माणसं यायची आणि विचारायची, हे दोन-दोन का? मग पुन्हा वाद व्हायचा. पण तो वाद दसऱ्याच्या लाडवांबरोबर सुरू व्हायचा आणि चौदा तारखेच्या जेवणाबरोबर संपायचा.

अठ्ठावन्नमध्ये दादांची नोकरी संपली. त्यांची लेक चाकणच्या पलीकडं एका खेड्यात दिली होती, तिच्या आधारानं राहायला जायचं ठरलं. आक्काचं पहिलं उत्तर न्हाई. या खेपेला संध्याकाळीही न्हाईच होतं. "तिथं आपली चार घरं," ती मला म्हणाली. "त्यातली दोन अजून पोतराजाला पैका देतात. वंदना कुणाला येत न्हाई. मी तिथं कुणासंगं बोलू?" तिच्या आवाजात मी तेवढ्या एकाच वेळी भीती ऐकली. दादा म्हणाले, "माझ्यासंगं बोल." ती हसली, आणि गेली. पुढं तिची काही खबर आली नाही. लिहिणारं कुणी नव्हतं.

माझं माहेर त्याच वाटेवर. पुढच्या वर्षी वैशाखात मी धाकट्या भावाच्या लग्नाला चालले होते. चाकणहून एसटीत बसले, भर दुपारची वेळ. गाडीत कांद्याची पोती, कोंबड्या, आणि धूळ. एका फाट्यावर चिंचेच्या सावलीत रस्त्याच्या कडेला बायकांचा घोळका बसलेला दिसला. आठ-दहा असतील. खुरपी बाजूला पडलेली. प्रवासी समजून ड्रायव्हरनं गाडी हळू केली.

घोळक्याच्या मध्ये आक्का होती. डावा हात कमरेवर, उजवा हात हवेत, आणि समोरच्या सगळ्या जणी तोंड उघडून तिच्याकडं बघताहेत. गाडीच्या घरघरीत शब्द ऐकू येत नव्हते, पण ओठ कशावर हलताहेत ते मला लांबूनही कळत होतं. एका म्हातारीचं चुकलं असावं, कारण आक्कानं तिच्या मांडीवर चापट मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मी खिडकीतून हात बाहेर काढला, हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात आक्कानं गाडीकडं पाहिलं. तिला मी दिसले नाही, नुसती थांबू बघणारी गाडी दिसली. वैतागून तिनं ड्रायव्हरला हातानं खूण केली, जा, जा पुढं.

"यायचं न्हाई का?" ड्रायव्हर ओरडला.

"अजून झालं न्हाई आमचं," आक्का तिथूनच ओरडली आणि पाठ फिरवून बायकांकडं वळली.

ड्रायव्हर हसला आणि त्यानं गाडी पुढं काढली.